दूध न पिणारी दूधवाली

रेखावहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेलच्या भाजी मार्केटात अळूच्या जुड्या बघत होते. दसरा होऊन गेला होता, रस्त्याला अजून झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या चिकटलेल्या होत्या. फोन निखिलचा, माझ्या भाच्याचा. "आत्या, आई..." एवढंच म्हणाला. मग त्याच्या बायकोनं, अपूर्वानं, फोन घेतला. तिनं सावकाश सांगितलं, की जेवण झाल्यावर आई बाहेरच्या खोलीत आडव्या झाल्या होत्या, चहाला उठवायला गेलो तर उठल्या नाहीत, डॉक्टर येऊन गेले. मी रिक्षा केली आणि शिरढोणच्या अलीकडच्या आमच्या गावी पोचले. दादा ओट्यावर बसला होता. मला बघून म्हणाला, "पंखा जरा कमी कर म्हणाली. मी कमी केला. मग काही बोलली नाही."

दादा माझा थोरला भाऊ, रेखावहिनी त्याची बायको. साठी ओलांडून तिला फार वर्षं झाली नव्हती. आजूबाजूच्या चार गावांत आणि जुन्या पनवेलमध्ये तिला सगळे 'दूधवाली वहिनी' म्हणूनच ओळखायचे. जवळजवळ पस्तीस वर्षं तिनं लोकांच्या घरी गाईचं दूध पोचवलं, आणि एवढ्या वर्षांत स्वतः त्यातला एक घोट कधी घेतला नाही. हे बाहेर फार कुणाला ठाऊक नव्हतं. आमच्या घरात मात्र तिच्या संसाराची सुरुवातच या गोष्टीवरून झाली.

आमचे बाबा गाई पाळायचे. घरची थोडी भातशेती होती, पण घर चालायचं ते दुधावर. त्या काळी पनवेलमध्ये प्रत्येक घरी दोन दुधं लागायची. चहाला आणि विरजणाला म्हशीचं, दाट. आणि घरात लहान मूल असेल, कुणी आजारातून उठलेलं असेल, म्हातारं माणूस असेल, तर गाईचं. गाईचं दूध पातळ, जरासं पिवळसर, पचायला हलकं. म्हशीचं दूध कुणाकडूनही घ्यायचे लोक, पण गाईचं घ्यायचं तर माणूस पारखून. बाबा सायकलला किटल्या अडकवून गावातून पनवेलला जायचे आणि एखाद्या घरी नवं गिऱ्हाईक मिळालं की आईला येऊन सांगायचे, "अमक्यांकडं बाल झाला." त्यांच्या लेखी पनवेलमध्ये मुलं जन्माला यायची ती आमच्या गोठ्याच्या भरवशावर.

वहिनी डोंबिवलीची. बी.कॉम. झालेली, दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. गाय तिनं पाहिली होती ती देवळाबाहेर, चाऱ्याची पेंढी घेऊन बसलेल्या बाईजवळची. लग्नानंतरच्या पहिल्या सकाळी आईनं तिच्यासमोर धारोष्ण दुधाचा पितळी पेला ठेवला. नव्या सुनेला पहिल्या धारेचं दूध द्यायचं, हा आमच्याकडचा मान. वहिनीनं पेल्याकडे बघितलं, मग आईकडे. खोटं बोलली असती, नंतर पिते म्हणून मोरीत ओतलं असतं, तर कुणाला कळलंही नसतं. पण ती म्हणाली, "आई, मला दूध चालत नाही. लहानपणापासून उलटी होते. रागावू नका." आई म्हणाली, "दुधाचे घरान आलीस न् दूध नको बोलतेस?" पाहुण्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. बाबा पलीकडे किटल्या विसळत होते. ते तिथूनच म्हणाले, "दुकानदारानी आपलाच माल खाल्ला नाय, त दुकान चालतं. सून बरी हाय." आणि त्यांनी तो पेला उचलून स्वतः पिऊन टाकला. मी तेव्हा अकरावीत होते. मला वहिनी त्या क्षणीच आवडली. आमच्या घरात आईला तोंडावर नाही म्हणणारं दुसरं कुणी नव्हतं.

ती काही लगेच गोठ्यात शिरली नाही. पनवेलमध्ये एका वकिलांच्या ऑफिसात हिशेब बघायला जायची, नखांना लाल रंग लावायची, संध्याकाळी मालिका बघायची. दादा तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात शिफ्टमध्ये काम करायचा. घरी यायचा तो अंगाला कंपनीचा उग्र वास घेऊन. साबणानंही तो वास जायचा नाही आणि गाई त्याला जवळ येऊ द्यायच्या नाहीत. तो गोठ्याकडे फिरकला की जांभी नावाची आमची तांबूस गाय दावं ताणून मागे सरायची. त्यामुळे बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात गेला, तेव्हा प्रश्न उभा राहिला की गाईंचं काय. आईचे गुडघे धरलेले, मी बी.एड.ला, दादाला गाई उभं करत नव्हत्या. नातेवाईक म्हणाले, विकून टाका. बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीनं साडी खोचली आणि बालदी घेऊन जांभीखाली जाऊन बसली.

जांभीनं लाथ मारून बालदी लवंडली. वहिनीनं ती उचलली, धुतली आणि परत बसली. असं किती सकाळी चाललं होतं कोण जाणे. शेवटी वहिनीनं स्वतःचाच एक उपाय काढला. ती धार काढताना जांभीला आदल्या संध्याकाळच्या मालिकेची गोष्ट सांगायला लागली. कोणती सून सासूविरुद्ध काय कारस्थान करतेय, कोणाचा नवरा परत आलाय. गोष्टीच्या भरात वहिनीचे हातही सैल पडायचे आणि जांभीही उभी राहायची. बाबा खाटेवरून ऐकायचे. एकदा वहिनीला ताप होता, म्हणून शेजारची एक बाई धार काढायला आली, तर जांभी ऐकेना. बाबा खाटेवरून म्हणाले, "तिला सांग, त्यो नवरा मेलेला नाय." हसून हसून आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मग वहिनीनं वकिलांकडची नोकरी सोडली आणि स्कूटर शिकली. पुढे दोन्ही पायांच्या मधे एक किटली, मागे दोन्ही बाजूंना दोन. बाबांची सायकल जिथे जिथे जायची तिथे ती जाऊ लागली आणि जिथे जायची नाही तिथेही, नवीन पनवेलच्या तीन-चार मजली इमारतींमध्ये. फार वेगानं चालवायची. हमरस्त्यावरच्या ट्रकवाल्यांशी भांडायची. गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, पण पाणी घातलं का असं कुणी गमतीनंही विचारलं, तर त्या घरी दुसऱ्या दिवसापासून जायची नाही. आईसारखं मऊ बोलणं तिला कधी जमलं नाही. तिच्या हातचा चहाही कधी जमला नाही, कारण दुधाचा चहा ती चाखायचीच नाही. अंदाजानं करायची. कधी नुसतं गरम दूध, कधी काढा. आमच्याकडे येणारे पाहुणे म्हणायचे, दूध तुमचं, पण चहा वंदनाला करू दे. वंदना म्हणजे मी. ती स्वतः गवती चहाची पात टाकून कोरा चहा प्यायची, ओट्यावर बसून, फुंकर मारत.

आता तिच्याबद्दलची जी गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते, ती सांगते. जुन्या पनवेलच्या मोहल्ल्यात जुबैदाचाची राहायच्या. त्यांच्या घरी आमचं दूध बाबांच्या वेळेपासून जायचं. मुलगा आखातात, सून घरी, आणि सुनेला मुलगी झाली होती, सना. सुनेला दूध पुरत नव्हतं म्हणून सनाला पहिल्या महिन्यांपासून गाईचं दूध चालू होतं. तेव्हा घरोघरी तेच चालायचं. एके सकाळी वहिनी गेली तर चाची रागावलेल्या होत्या. म्हणाल्या, "रेखा, ह्या डॉक्टरला काय अक्कल आहे का बघ. पोरगी फिकी दिसते म्हणून नेली, तर म्हणतो गाईचं दूध बंद करा. आमच्या खानदानातली सगळी पोरं तुझ्या सासऱ्याच्या दुधावर वाढली, माशाअल्ला एकेक कसा बुरुज आहे. तू घाल, मी देते." वहिनीनं मूल हातात घेतलं. गुबगुबीत होतं, पण ओठ, तळवे पांढरट. तिनं त्या दिवशी दूध घातलं, कारण चाची ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. पण तिथून ती घरी न येता थेट त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेली. रिकामी किटली पायाशी, हेल्मेट मांडीवर, रडणाऱ्या मुलांच्या आयांमध्ये नंबर लावून बसली. आत गेल्यावर डॉक्टरांना वाटलं, दूधवाली भांडायला आली. वहिनी म्हणाली, "भांडायला नाही आले. मला समजावून सांगा. मी हे रोज किती घरांत घालते."

डॉक्टरांनी सांगितलं. गाईचं दूध वासरासाठी असतं, त्यात लोह अगदी कमी. वर्षाच्या आतल्या बाळाला त्याच्यावरच ठेवलं तर रक्त कमी होतं, काहींच्या आतड्यांना ते सोसत नाही. आईचं दूध नसेल तर डॉक्टरांना विचारून दुसरी सोय करायची, सहा महिन्यांनंतर नाचणीचं सत्त्व, वरणभात. वर्ष झालं की मग गाईचं खुशाल द्या. तिनं दोन-तीनदा विचारून खात्री करून घेतली आणि घरी आली. रविवार होता, मी माहेरी गेले होते; बाबा तेव्हा हयात नव्हते. जेवताना तिनं सगळं सांगितलं आणि म्हणाली, उद्यापासून वर्षाच्या आतलं मूल असलेल्या घरी मुलासाठी म्हणून दूध घालणार नाही. दादाचा घास हातातच राहिला. "अगं, आपलं गिऱ्हाईकच ते आहे," तो म्हणाला. "मोठी माणसं म्हशीचं पितात नाहीतर पिशवीचं. आपल्याकडे येतात ते तान्ह्या मुलांसाठी. धंदा चालवायचाय का बंद करायचाय?" वहिनी म्हणाली, "तू नाही घातलंस तर दुसरा घालेल, हेच म्हणशील ना पुढे?" "मग? खरंच आहे ते." "घालू दे. माझ्या किटलीतलं नको." दादा ताट ढकलून उठला. मी आईकडे बघितलं. मला वाटलं, आई आता पेटणार, कारण आम्ही दोघं त्याच दुधावर वाढलो होतो. आई शांतपणे जेवत राहिली. मग म्हणाली, "ती बोलतेय त्याच खरा. दारू पिनाऱ्याला दारू कशी हाय त्या विचारून काय मिलतं? जो पित नाय त्यालाच दिसतं."

वहिनी खरोखर घरोघरी गेली. कुणी ऐकलं, कुणी हसलं. एका घरी आजीनं दार लावून घेतलं. एका घरी तिला ऐकवलं, की तुझ्या गाई आटल्या असतील, म्हणून बहाणे करतेस. चाचींना पटायला वेळ लागला. त्यांच्या सुनेला मात्र लगेच पटलं, आणि ती सासूला चोरून मुलीला नाचणीचं सत्त्व भरवायला लागली. सत्त्व करून द्यायचं काम अर्थात वहिनीचंच. नाचणी भिजत घालायची, मोड आणायची, वाळवायची, दळायची. किटलीशेजारी डब्यातून ते मोहल्ल्यात जायचं. वर्षभरात आमचं अर्धं गिऱ्हाईक गेलं. दादा वहिनीशी कामापुरतं बोलायचा. दोन गाई वसंताला, आमच्या मामेभावाला, देऊन टाकाव्या लागल्या. तो डोंगराकडच्या गावात राहतो. गाई टेंपोत चढवताना वहिनी रडली, पण कुणी म्हणालं, "तूच ओढवून घेतलंस," तेव्हा ती म्हणाली, "हो, मीच." आता, इतक्या वर्षांनी, वहिनीच्या तेराव्याला घर भरलं होतं. ज्यांना वहिनीनं वर्षानुवर्षं दूध घातलं ते सगळे आले होते. चाचीही आल्या, आता त्यांना दोन माणसांनी धरून आणावं लागतं. त्यांना धरणारी उंच मुलगी माझ्या शेजारी टेकली आणि हळूच म्हणाली, "आत्या, मी सना. वहिनींनी जिचं दूध बंद केलं ती."

त्या दोन गाई गेल्यानंतरची वर्षं उताराचीच होती, आणि तो उतार काही एका कारणानं आला नाही. पिशवीचं दूध आधीच आलं होतं, ते आता दारात यायला लागलं. लहान मुलं दुधाऐवजी बाटलीतलं गोड थंड पेय मागायला लागली. आजारी माणसांना डॉक्टर डब्यातल्या पावडरी लिहून द्यायला लागले. म्हातारी माणसं, जी रात्री हळद घालून पेलाभर दूध प्यायची, ती एकेक करून गेली, आणि त्यांच्या मुलांना ती सवय नव्हती. आमच्याच घरचं बघा. माझे यजमान साखरेमुळे कोऱ्या चहावर आले, मुलगी पुण्याला गेली आणि तिथे ओट्सचं दूध प्यायला लागली, राहिले मी. माझ्या एका कपासाठी वहिनीनं तीन मजले चढायचे म्हणजे काय. मी एकदा चाचरत तिला म्हटलं, मी आता मोबाईलवरून पिशवी मागवते. ती म्हणाली, "बरं झालं. माझे गुडघे तुझ्या जिन्यालाच शिव्या देतात." राग नव्हता. लोकांनी काय प्यावं हे त्यांचं त्यांनी ठरवावं, असं तिला खरंच वाटायचं. दूध न पिणाऱ्या माणसाला या जगात किती उपदेश ऐकावा लागतो, हे तिनं सोसलं होतं ना. निखिलचं लग्न झालं आणि अपूर्वा घरी आली, तेव्हा पहिल्याच सकाळी वहिनीनं तिला विचारलं, "दूध चालतं का तुला?" अपूर्वानं घाबरत सांगितलं, की तिला ते सोसत नाही, ती बदामाचं दूध घेते, खोका आणलाय बॅगेतून. वहिनी ओट्यावर जरा सरकून म्हणाली, "ये, बस इथे." तिथून दोघींचं जे जमलं ते जमलंच.

मधे एकदा गाडीतून एक तरुण आला होता. देशी गाईच्या दुधाला मोठ्या टॉवरांमध्ये मागणी आहे म्हणाला, काचेच्या बाटल्या तो देणार, गोठ्याचे फोटो काढणार, वहिनीनं डोक्यावर पदर घेऊन उभं राहायचं. दादाला ते पटलं होतं. वहिनीनं त्याला सांगितलं, आमच्या गाई संकरित आहेत. तो म्हणाला, फोटोत कुठे कळतं, आपण गीर म्हणू. वहिनी म्हणाली, "तुम्ही हाक मारून बघा गीर म्हणून. ओ दिली तर मी पदर घेते." तो गेल्यावर दादा प्रथमच तिच्या बाजूनं हसला. मला वाटतं, त्यांच्यातला जुना अबोला खऱ्या अर्थानं त्या दिवशी सुटला.

गिऱ्हाईक गेलं तरी गाई दूध देतच होत्या. आई होती तोवर तिनं तूप कढवलं, खवा केला, तरी उरायचं. गावाबाहेर वीटभट्ट्या आहेत. दिवाळीनंतर तिथे कातकरी कुटुंबं येतात, झोपड्या बांधतात, पावसाच्या तोंडावर परत जातात. वहिनी एका सकाळी किटली घेऊन तिथे गेली. तिथल्या मुलांना कपात दूध ओतून दिलं, पण आधी प्रत्येकाच्या आईला वय विचारून. तान्हं असेल तर त्या आईलाच कप द्यायची आणि म्हणायची, तू पी, त्याला तू पाज. चुलीवर चहा उकळत होता. एका बाईनं ओशाळून सांगितलं, "आमी कोराच पितो, बाई. दूध नाय." वहिनी म्हणाली, "मीपण कोराच पिते." त्यांना वाटलं, चेष्टा करते. ती विटांच्या थप्पीवर बसली आणि त्यांच्यातला अर्धा कप प्यायली. पुढे दर हंगामात ती रोज जायची आणि रोज तिथे चहा व्हायचा. मला एकदा म्हणाली, "वंदना, तुमच्या सोसायटीतले लोक आता कोरा चहा पितात, पोट कमी व्हायला. सोनी कोरा पिते, दूध परवडत नाही म्हणून. मी पिते, मला दूध चालत नाही म्हणून. तीन कप शेजारी ठेवले तर काही फरक कळायचा नाही..." सोनी म्हणजे तिथलीच एक मुलगी. पहिल्या वर्षी ती स्वतः दूध प्यायला रांगेत उभी राहायची, आता तिची मुलगी उभी राहते.

भातशेतीचे प्लॉट झाले, पेंढा मिळेना, चरायला नेलेल्या गाई प्लॅस्टिक खाऊन यायच्या. वहिनीनं एकेक गाय वसंताकडे पाठवली. जांभीची नात चांदी तेवढी राहिली, म्हातारी, आटलेली. तिला पाठवायला वहिनी तयार नव्हती. "ती तिकडे कुणाला गोष्ट सांगायला लावणार," म्हणायची. दोन वर्षांपूर्वी चांदी गोठ्यातच गेली, आणि वहिनीनं गोठा धुऊन काढला, चुना लावला आणि तिथे जातं, नाचणीच्या पाट्या, वाळवणं ठेवली. गाय राहिली नाही म्हणून भट्टीवरचं दूध काही बंद झालं नाही. वसंताच्या गाईंचं दूध आणायला ती रोज सकाळी डोंगराकडे जायची. दादा आता निवृत्त. तो म्हणायचा, "अगं, पिशव्या घे चार, झालं." ती ऐकल्यासारखं करायची आणि किटली घेऊन निघायची.

यंदा दिवाळी आम्ही केली नाही. पण दादा एकटा पडू नये म्हणून मी ते दिवस तिथेच राहिले, आणि भाऊबीज होऊन गेल्यावरही राहिले. एका सकाळी अपूर्वा ऑफिसला निघायच्या गडबडीत होती आणि दारात सोनी उभी. कडेवर चार वर्षांची मुलगी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेले करांदे. ते कंद ती दरवर्षी त्यांच्या रानातून वहिनीसाठी आणते. आदल्या दिवशीच ते भट्टीवर उतरले होते. "बाई कुठं हाय?" तिनं विचारलं. अपूर्वानं माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं. सोनी पायरीवर बसली. रडली नाही, फडकं सोडून करांदे एकेक करून बाहेर काढत राहिली, जणू ते मोजून द्यायचे होते. मुलगी गोठ्याच्या दारापर्यंत जाऊन परत आली.

अपूर्वानं खांद्यावरची पर्स खाली ठेवली. फ्रिजमध्ये आमच्या चहासाठी आणलेली पिशवी होती, ती फोडून दूध तापवलं, कोमट केलं, कपात ओतून मुलीला दिलं. मुलीनं दोन घोट घेतले आणि कप खाली धरला. "ह्या दूध बाईचा नाय," ती आईला म्हणाली. सोनीनं तिला दटावलं, "दूधच हाय, पी." मुलगी हट्टी नव्हती, तिनं मुकाट्यानं संपवलं. पण अपूर्वा भिंतीकडे वळून उभी राहिली, आणि मला तिच्या खांद्यांवरून कळलं की ती एवढे दिवस रडली नव्हती ते आता रडतेय.

दादा खुर्चीत पेपर धरून बसला होता. त्यानं पेपर घडी करून ठेवला, आत गेला, शर्ट बदलून आला आणि मोटरसायकलची किल्ली घेतली. मी विचारलं, "कुठे?" म्हणाला, "वसंताकडे." जाताना त्यानं स्वयंपाकघरात चार फडताळं उघडून बघितली, कारण वहिनीची किटली कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं. शेवटी एक कडीचा डबा उचलला.

मी आता घरी परत आले आहे. दादा रोज सकाळी डोंगराकडे जातो, तिथून भट्टीवर. परवा फोनवर सांगत होता, की दूध आणताना हिंदकळतं, रेखा कशी आणायची कोण जाणे. मग म्हणाला, वसंताची एक गाय त्याला आता जवळ येऊ देते, कंपनीचा वास गेला असावा. आणि भट्टीवरच्या बायका त्याला रोज बसवून घेतात. "चहा देतात," तो म्हणाला. "कोरा असतो." मी विचारलं, "मग पितोस का?" आयुष्यभर तो दाट दुधाच्या, भरपूर साखरेच्या चहाशिवाय राहिला नव्हता. "पितो," तो म्हणाला. "सवय होतेय हळूहळू."